मामाजी मैदानासमोरचं घर पाहायला आले

गोंदियात आमचं पहिलं बिऱ्हाड बाजाराच्या गल्लीत होतं. एकच खोली, आणि खिडकी उघडली की हातभरावर दुसऱ्याची भिंत. आमचे हे मालगाडीवर गार्ड, दोन-दोन दिवस बाहेर. मी गोरेगावकडची, धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, वाढलेली. त्या खोलीत जीव दडपून जायचा, पण सांगणार कोणाला, आणि काय म्हणून? भिंत दिसते हे काही दुखणं नाही.

मग गावाबाहेर, साहेब लोकांच्या गोल्फच्या मैदानाला लागून एक घर रिकामं झालं. इंग्रज साहेब जाऊन चार-पाच वर्षं झाली होती, खेळ मागे राहिला होता. आता आपलेच साहेब काठ्या घेऊन चेंडूमागे हिंडायचे. त्या घराच्या ओसरीत उभं राहिलं की समोर सगळं हिरवं, पार लांबच्या झाडांपर्यंत. मी एकदाच पाहिलं आणि मन तिथंच राहून गेलं. ह्यांचं म्हणणं, शेजार नाही, बाजार लांब, भाडं जास्त, नुसतं दिसतं म्हणून कोणी घर घेतं का? शेवटी ठरलं, मामाजींनी येऊन पाहावं. मामाजी म्हणजे माझे सासरे. ते म्हणतील ते.

मामाजी आले ते नेमके रोवणीच्या तोंडावर. गावी पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटायला आलेली, त्यामुळे एकाच दिवसाची सवड. हे ड्यूटीवर गेलेले. घर दाखवायला मीच. तेव्हा आमच्यात सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे. मी डोक्यावर पदर घेऊन दहा पावलं मागे. बोलायला घरमालक होतेच.

"बाबाजी, ऐसा नजारा पूरे गोंदिया में नहीं मिलेगा."

मामाजींनी नजारा पाहिला. मैदानात एक गोल तुकडा होता, दाट, बारीक, पोपटी, आणि मधे काठीला लाल फडकं.

"पऱ्हे चांगले आले," ते म्हणाले. "पण रोवणी काऊन करून नाही राहिले? पऱ्हे जुने होऊन जातीन ना." फडकं त्यांना पाखरं हाकलायचं वाटलं. आणि ते निघालेच तिकडे. तिथं एक माळी उकिडवा बसला होता.

"कोणत्या धानाचे पऱ्हे हे?"

"धान नाही बाबा, गवत आहे. साहेब लोक त्या भोकात चेंडू टाकतेत."

"अन तू काय करून राहिला?"

"निंदून राहिलो."

"गवतातलं गवत?"

"हो जी. महिन्याच्या महिन्याले पगार भेटते."

"बरं आहे बाबू. आम्ही जन्मभर फुकटच निंदलो."

मी पदराआड हसले, पण लगेच वाटलं, गवतासमोरचं घर कायले, असं म्हणून मामाजी आता गावाकडे वळतील. पण ते तिथंच बसले. गवतावरून तळहात फिरवला.

"रातभर पाणी पडलं, अन थांबलं कुठंच नाही. उतार कोणं काढला?"

"मीच. दरसाल माती टाकतो."

मामाजींचा जन्म बांधी सपाट करून पाणी धरण्यात गेलेला. ते माळ्याकडे बघत राहिले. "आम्ही पाणी धरतो, तू सोडतोस. हात तेवढाच लागते." असं कौतुक त्यांनी पोटच्या पोरांचंही केलेलं मी ऐकलं नव्हतं.

मग उठले आणि माळ्याला घेऊन उताराच्या मागे मागे चालत गेले, ते थेट घराच्या मागच्या अंगाला. स्वयंपाकघराच्या भिंतीला ताजा चुना दिलेला होता. मामाजींनी नख लावलं तर गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत पापुद्रे सुटले. आत ओल.

"मैदानाचं सारं पाणी तुमच्या चुलीवर येते जी."

"थोडा-सा आता है," घरमालक म्हणाले.

झालं, संपलं, असं मी मनाशी म्हटलं. तेवढ्यात मामाजी माझ्याकडे वळले. लग्नाला तीन वर्षं होऊन गेली होती, असं सरळ त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"बाई, तुले हे घर काऊन पाहिजे?"

मधे निरोप पोहोचवायला घरातलं कोणी नव्हतं. मी जमिनीकडे बघून म्हटलं, "इथं लांबवर दिसते, मामाजी. तिकडे भिंत दिसते."

ते हसले नाहीत. धोतर खोचलं आणि माळ्याला म्हणाले, "फावडं आण."

दुपारपर्यंत दोघांनी मिळून घरामागे गुडघाभर उंच बांध घातला. एका टोकाला पाण्याला नाल्याकडे वाट काढून दिली, आणि माती पायांनी दाबून दाबून बसवली. घरमालकांनी स्वतः चहा आणला. मामाजींनी पहिला कप माळ्याला दिला. संध्याकाळच्या मोटारीने ते गावी गेले. घराबद्दल मला एक शब्द बोलले नाहीत.

दोन दिवसांनी हे आले. "बाबा काय म्हणाले?"

"काही नाही. मागे बांध घालून गेले."

हे उठले आणि भांडी बांधायला दोरी शोधू लागले. मामाजी कधी दुसऱ्याच्या जमिनीवर बांध घालत नसत.