शिट्टी माझ्या गळ्यात होती

खोटं कशाला बोलू, त्या पोराचं नाव निघालं की आजही माझं डोकं फिरतं.

विद्यापीठात आम्ही स्विंगचा क्लब काढला तेव्हा तो कुठंच नव्हता. आम्ही दोघीच होतो. मी आर्वीची, वसतिगृहात राहणारी, आणि माझी मैत्रीण, पिपरी मेघेहून स्कूटीनं येणारी. स्विंग म्हणजे जोडीनं नाचायचा जुना अमेरिकन नाच. तिनं तो मोबाईलवर पाहिला आणि मला म्हणाली, "अवं, आपण हे शिकू." तिच्या घराच्या गच्चीवर शिकलो. जोडीतल्या पुरुषाची बाजू मी घेतली, म्हणजे वळवायचं मी आणि वळायचं तिनं. दोन महिन्यांत ती माझ्या नुसत्या बोटाच्या इशाऱ्यावर गिरकी घ्यायला लागली. मी मनात धरून टाकलं की हे आता कायमचं ठरलं.

परवानगीच्या अर्जावर "जोडीनं नाच" वाचून कार्यालयातल्या बाबूंनी चष्माच काढला. "पोरं-पोरी हात धरतीन?"

"नाई सर, दुपट्टा धरतीन," मी तिथल्या तिथं ठोकून दिलं.

आमच्याकडच्या उन्हात डोक्याला बांधायचा दुपट्टा पोरगा असो की पोरगी, प्रत्येकाजवळ असतोच. एक टोक त्याच्या हातात, एक तिच्या. असा स्विंग जगात दुसरीकडं कुणी नाचत नसेल, पण अर्जावर सही झाली.

पहिल्या आठवड्यात चार पोरी आल्या. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर व्यायामशाळेमागच्या हॉलमध्ये उभं राहायला जागा पुरेना. शिकवणारी मी, गळ्यात शिट्टीही माझ्याच. सगळे गोल उभे राहायचे, मी शिट्टी वाजवली की पोरांनी एक घर पुढं सरकायचं, म्हणजे कुणी कुणाला चिकटून बसायला नको. नियम माझाच होता आणि मला त्याचा भारी अभिमान होता.

मग हा आला, जाम गावचा. हायवेवरच्या बापाच्या हॉटेलात लहानपणापासून भरली ताटं घेऊन गर्दीतून फिरलेला, त्यामुळं असेल, पण पाय कुठं टाकायचा हे त्याला न सांगता कळायचं. मला जे यायला पंधरा दिवस लागले ते त्यानं एका संध्याकाळी केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीपण वाजवल्या. असा जळफळाट झाला की मेसमध्ये जेवण गेलं नाही.

त्यात त्यानं एक नवं खूळ आणलं. गाणं लागायच्या आधी पोरीसमोर जाऊन विचारायचा, "नाचता काय माह्यासंग?" आणि ती हो म्हणेपर्यंत दुपट्ट्याला हात लावायचा नाही. पोरी खुदूखुदू हसायच्या. "इथं काय सोयरीक जुळवून राह्यला?" मी सगळ्यांसमोर टोमणा मारला. तो नुसता हसला.

सरकत सरकत तो माझ्या मैत्रिणीसमोर आला की माझा हात आपोआप शिट्टीकडं जायचा. बाकीच्यांना अख्खं गाणं, या दोघांना दोन गिरक्या. पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं नाही. चौथ्यांदा तो हसून पुढच्या घरात गेला. ती हसली नाही. मला कळत होतं की मी नीचपणा करतेय, आणि तरी प्रत्येक वेळी शिट्टी फुंकल्यावर गार वाटायचं.

स्नेहसंमेलनात आमच्या क्लबला दहा मिनिटं मिळाली. सुरुवातीला एकच जोडी पुढं येणार होती. यात विचारायचं काय? मी आम्हा दोघींची नावं लिहून कार्यालयात देऊन आले. तिनं ती फलकावर वाचली आणि तडक हॉलवर आली. सगळे निघून गेले होते, मी खुर्च्या लावत होते.

"माहं नाव काऊन टाकलं?"

"काऊन म्हणजे? आपणच तर हाये पहिल्यापासून!"

"मी त्याले हो म्हटलं हाये."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "तो माह्यापेक्षा चांगला नाचते म्हणून ना? सांग ना सरळ!"

"नाई वं. त्याच्यासंग तर मी जास्त चुकते." ती जराही चिडली नव्हती, त्याचाच मला जास्त राग आला. "पण तो विचारते. दोन वर्षांत तू मले एकदा तरी विचारलं?"

मी आठवून पाहिलं. गच्ची आठवली, हॉल आठवला, ती वळतानाची तिची पाठ आठवली. विचारल्याचं एकदाही आठवलं नाही.

"मंग आता विचारते," मी म्हटलं. आवाज चढलेलाच होता. "नाचशीन काय माह्यासंग?"

ती खाली बघत राहिली. मीही खाली बघितलं. मी तिचं मनगट आधीच धरलं होतं.

"नाई," ती म्हणाली. हात तिनं ओढून घेतला नाही. मी तो कधी सोडते याची वाट बघत ती उभी राहिली.