सात आणि एकतीस

नागोजी राव काहीही वाचण्याआधी त्याच्यावर नखाने दोनदा टिचकी मारत. प्रेशर गेजच्या बाबतीत ते रीतसरच होतं. आत काटा अडकून बसला असेल तर टिचकीने सुटतो आणि खरा आकडा दाखवतो. पण राव कँटीनमधल्या स्टीलच्या पेल्यावर, मनगटातल्या घड्याळावर, नोटीस बोर्डाच्या काचेवरही टिचक्या मारत. एकदा भिंतीवरच्या कॅलेंडरवर मारताना मी त्यांना पाहिलं. मी हसलो तसे आपल्या तंजावरी मराठीत, धाकट्या भावाला हाक मारावी तसे म्हणाले, "काय हसूलालास, तंबी? तारीखसुद्धा अडकते कधीकधी."

गेल्या महिन्यात ते गेले. कारखान्याच्या नोटीस बोर्डावर दोन ओळींचं इंग्रजी पत्रक लागलं. त्यात त्यांच्या नोकरीची वर्षं चुकली होती. मी ते पत्रक खाली उतरवलं नाही, दुरुस्तही केलं नाही. त्याऐवजी रोज थोडं थोडं हे लिहितो आहे.

अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा गेज बनवणारा लहानसा कारखाना. दोन हजार तीन साली मी नाशिकहून तिथे तपासणी विभागात लागलो; पहिले काही आठवडे मात्र जुळणीच्या टेबलावर काम शिकायचं होतं. तमिळ येत नव्हती. पहिल्या आठवड्यात मी जुळवलेला गेज फोरमन सेल्वमने हातात घेऊन फिरवला आणि म्हणाला, "परवायिल्लै." मी ते "पर्वा नाही" असं ऐकलं. एवढं मन लावून केलेल्या कामाची याला पर्वा नाही! आठ दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. बिचारा सेल्वम तपासणीच्या खोलीत जाऊन विचारून आला, "राव सार, तुमच्या गाववाल्याला काय झालंय?"

रावांनी मला बोलावून घेतलं. ते मराठी बोलतात हे मला तोवर माहीत नव्हतं. तंजावरकडची त्यांची मराठी, दोनशे वर्षांपूर्वीची असावी तशी, तमिळ हेलात. म्हणाले, "तो तुला बरं म्हणूलाला, तंबी. इकडे परवायिल्लै म्हणजे 'ठीक आहे, चालेल'. शब्द आपलाच, पर्वा. पण इकडे येऊन गोड झाला." मग त्यांनी माझा गेज यंत्रावर चढवला, दाब वाढवला, थांबले, उतरवला, टिचकी मारली, आणि बाजूला ठेवून दिला. नापास. "ह्या खोलींत मात्र तो शब्द नको," ते म्हणाले. "तमिळही नको, मराठीही नको."

त्या खोलीत राव तीस वर्षं होते. आम्हा प्रत्येक तपासनिसाकडे पोलादी शिक्का असे. पास झालेल्या गेजच्या पितळी मानेवर तो हातोडीने ठोकायचा. रावांचा नंबर सात. आम्ही दिवसभरात जेवढे गेज तपासायचो त्याच्या निम्मेच ते तपासत, कारण दाब चढताना एकदा आणि उतरताना एकदा असं दोनदा वाचत, आणि मधे काटा तसाच धरून काही वेळ नुसते बसत. सेल्वम दारात येऊन विचारी, "राव सार, गेज उकडताय की तपासताय?" राव मान वर न करता म्हणत, "अर्धा शिजलाय. तुला वाढूं?"

मला त्यांचा राग येई. असा माणूस स्वतःबद्दल कुठे बोलत नाही आणि त्याचं नाव कारखान्याच्या फाटकाबाहेर कोणाला माहीत नाही, असं मला वाटायचं. मग एकदा मी एन्नोरच्या वीज केंद्रावर माल पोचवायला गेलो. तिथले स्टोअरकीपर मुरुगेसन पेटीतला एकेक गेज काढून मान उलटी करून बघत होते. मी विचारलं काय शोधताय. "एळु," ते म्हणाले. सात. बॉयलरवर लावायचे गेज ते साताचेच वेगळे काढून ठेवत. बाकी ठिकाणी इतर नंबर चालतील. "हा सात नंबर कोण आहे, मला ठाऊक नाही," मुरुगेसन म्हणाले. "पण तो खोटं बोलत नाही."

परत येऊन मी रावांना हे सांगितलं. मला वाटलं होतं चेहरा खुलेल. ते म्हणाले, "मग बाकीचे गेज खोटं बोलतात कीं काय? ते पाहायला पाहिजे." आणि त्यांनी माझ्या कप्प्यातले चार गेज पुन्हा तपासायला घेतले.

पुढे धाकटे मालक परदेशातून शिकून आले. आम्हाला एका हॉटेलच्या दालनात नेऊन कोणी पाहुणे 'आपली व्यावसायिक ओळख कशी घडवावी' हे शिकवून गेले. तीस सेकंदांत स्वतःबद्दल सांगायचं. मी पाठ करून गेलो होतो. राव उठले, म्हणाले, "माझें नांव नागोजी राव. मी गेज तपासतों." आणि उरलेला वेळ शांतपणे उभे राहिले. पाहुण्यांनी विचारलं, आणखी काही? राव म्हणाले, "नाही. तेवढेंच करतों."

त्याच सुमारास गुणवत्ता विभागाच्या मॅनेजरची जागा रिकामी झाली. रावांना पुढच्या एप्रिलात अठ्ठावन्न पूर्ण होणार होती. मॅनेजर झालं तर साठपर्यंत राहता येई, नाहीतर घरी. त्यांना पद नको होतं, पण ती दोन वर्षं हवी होती. पॉलिटेक्निकमधून दोन मुली नव्याने खोलीत आल्या होत्या. टिचकी कधी मारायची हे त्यांना कळायला लागलं होतं, किती थांबायचं हे अजून कळत नव्हतं. "दोन वर्षं मिळालीं तर खोली कुणाच्या हातीं देऊन जाईन," एवढंच ते म्हणाले. मी म्हटलं, मग मुलाखतीत नीट बोला, राव सार. निदान यावेळी तरी.

ते बोलले ते असं. धाकट्या मालकांनी विचारलं, तुमची सगळ्यात मोठी कामगिरी कोणती? रावांनी खिशातून छोटी वही काढली. तीस वर्षांत आपल्या हातून चुकून पास झालेले गेज त्यांनी तिच्यात नोंदले होते, कोणत्या कारणाने चुकले त्यासह. एकूण अकरा. ते एकेक वाचून दाखवू लागले. तिसऱ्यावर मालकांनी घड्याळ पाहिलं.

माझीही मुलाखत होती; विभागातल्या सगळ्यांचीच होती. मी मात्र त्यांच्या वतीने लढायचं ठरवून गेलो होतो. संगणकावर एक पान केलं होतं, त्यावर साताच्या शिक्क्याचा मोठा फोटो आणि खाली मुरुगेसनचं वाक्य. मी म्हटलं, सर, आपल्या कारखान्याची बाहेरची पत म्हणजे हा एक माणूस आहे. मालक खुर्चीत पुढे सरकले. त्यांना फार आवडलं. "हे मला आजवर कोणी सांगितलं कसं नाही?" ते म्हणाले. मी आनंदात बाहेर आलो.

पंधरा दिवसांत दोन गोष्टी झाल्या. साताचे सहा नवे शिक्के कोरून आले आणि प्रत्येक तपासनिसाला एकेक मिळाला. ग्राहकाला सात हवा आहे तर सगळ्याच मालावर सात. आणि मॅनेजरची जागा मला मिळाली. बाजाराची नाडी ओळखणारा तरुण, असं मालक म्हणाले. सात नंबर आता रावांशिवायही चालणार होता. मग त्यांना दोन वर्षं कशाला द्यायची? हा हिशेब मीच पडद्यावर मांडून दाखवला होता, आणि तो मला दिसला नव्हता.

जागा नाकारावी असं मला वाटलं. नाकारली नाही. घरी पत्र गेलं होतं, आईने पेढे वाटले होते. ही कारणं मी तेव्हा स्वतःला सांगितली, आता ती पुन्हा सांगायची लाज वाटते.

नवे शिक्के वाटले त्या सकाळी राव स्टोअरमध्ये गेले, आपला जुना सात परत केला आणि रिकामा नंबर मागितला. एकतीस मिळाला. सेल्वमने चेष्टा केली, "राव सार, सात लकी होता, असा टाकून काय देता?" राव म्हणाले, "ज्यांना फुकट मिळाला त्यांना लकी."

मी खोलीत गेलो की राव टिचकी मारून आकडा सांगत, दुसरं काही नाही.

सात-आठ महिन्यांनी एन्नोरहून तक्रार आली आणि मी मॅनेजर म्हणून गेलो. मुरुगेसननी एक गेज माझ्यापुढे ठेवला. मानेवर सात, काटा मधेच अडकलेला. "सात बिघडला," ते म्हणाले. मग त्यांनी मागच्या फळीकडे बोट केलं. तिथे गेज वेगळे मांडून ठेवले होते. मी एक उचलून मान उलटी केली. एकतीस. पुढचा घेतला. एकतीस. "मुप्पत्ति ओण्णु," मुरुगेसन म्हणाले. "हा नवीन माणूस कोण घेतलात? चांगला आहे."

परतीच्या बसमध्ये मी ठरवत होतो आणि मोडत होतो. मालकांना सांगावं, तर उद्या एकतीसचे सहा शिक्के कोरून येतील. न सांगावं, तर एप्रिलमध्ये राव निघून जातील आणि आपण काय घालवलं हे कोणाला कळणारही नाही. तिसरा रस्ता असायला हवा होता. मालकांच्या टेबलावर हात आपटून बोलणाऱ्या माणसाला तो सापडला असता. मी गप्प बसलो. एप्रिलमध्ये रावांना शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. त्यांनी स्टेजवरच घड्याळाच्या काचेवर दोन टिचक्या मारल्या आणि लोक हसले. त्या दोन मुलींपैकी एक वर्षाच्या आत सोडून गेली. दुसरी आता, मी तपासनीस असताना करायचो त्यापेक्षाही, दिवसाला जास्त गेज पास करते.

यंदा ते आजारी असल्याचं कळलं तेव्हा मी तिरुवल्लिकेणीतल्या त्यांच्या घरी गेलो. अरुंद गल्ली, पुढच्या खोलीत खाट, उशाशी पाण्याचा पेला. फार बारीक झाले होते. मी सगळं सांगितलं. पडद्यावरचं पान, माझी जागा, एन्नोरची फळी, एकतीस, माझं गप्प बसणं. इतकी वर्षं मनात घोळलेलं असल्यामुळे भराभर बोललो. शेवटी म्हणालो, राव सार, माझं चुकलं.

त्यांनी पेल्यावर नख टेकवलं. टिचकी मारण्याइतका जोर नव्हता. मग बराच वेळ थांबले, गेज दाबाखाली धरून थांबत तसे, माझ्याकडे बघत.

"परवायिल्लै," ते म्हणाले.

त्यांना दोन्ही भाषा येत होत्या. त्यांनी तो शब्द कोणत्या भाषेत उच्चारला, हे विचारायचं माझ्याच्याने झालं नाही.