वाळूच्या दांड्यावरची दोन सरकारं

रत्नागिरीहून आगबोटीने निघाले तेव्हा फाल्गुनाचं ऊन चढत होतं. धाकट्या बहिणीचं पहिलं बाळंतपण, आई हयात नाही, म्हणून मीच निघाले होते. जिल्ह्याच्या उत्तर टोकाला उतरले आणि खाडीतून वर जाणाऱ्या मचव्यात (शिडाच्या होडीत) बसले. या खाडीचा एक काठ इंग्रज सरकारचा, दुसरा संस्थानचा.

ओहोटी लागली आणि मचवा खाडीच्या मध्यावर दांड्यात (वाळूच्या उंचवट्यात) रुतला.

"भरती येईस्तो बसा गपचीप, बाय," मचवा चालवणारा पांडू तांडेल म्हणाला.

पाय मोकळे करायला मी खाली उतरले, तोच दोन्ही काठांवरून एकेक शिपाई होडी वल्हवत आला. दोघांनीही आपापलं निशाण वाळूत रोवलं.

"बाई, तुम्ही सरकारी हद्दीत विनापरवाना उतरलात. ठाण्यावर चला!" खाकीवाला म्हणाला.

"चला, पण आमच्या ठाण्यावर!" संस्थानचा शिपाई गरजला. "ही वाळू आमच्या खाविंदांची, संस्थानच्या मालकांची आहे."

"अहो, माझ्या बहिणीचे दिवस भरलेत!" मी म्हणाले. पण त्यांची आपसांतच जुंपली. यांच्या ठाण्यावर रात्र गेली तर तिकडे तिच्याजवळ कोण?

पाणी भरू लागलं तसा पांडू हात जोडून पुढे झाला. "साहेब, आमी कुठंबी येतो. पन मचवा रुतलाय. जो ढकलील त्याच्या ठान्यावर."

दोघे लगेच भिडले. एक या बाजूने ढकलतो, दुसरा त्या बाजूने. मचवा जागचा हलेना!

"असं न्हाय! दोघं मागनं लावा. आदी तरंगू दे, मग भांडा."

त्यांनी खांदे लावले, मचवा सुटला, आणि पांडूने शीड सोडलं. वारा भरला. मागे दोघे गुडघाभर पाण्यात उभे राहून ओरडत होते. मग निशाणं बुडू लागली, होड्या वाहू लागल्या, आणि त्यांना आमचा विसर पडला. दिवेलागणीला मी बहिणीच्या दारात होते. पहाटे तिला मुलगी झाली.

बारसं उरकून पांडूच्याच मचव्याने परत निघाले. दांडा जवळ आला तशी भयंकर दुर्गंधी आली. मी नाकाला पदर लावला.

"देवमासा मरून लागलाय," पांडू म्हणाला. "आता सरकार म्हनतंय दांडा संस्थानचा, संस्थान म्हनतंय सरकारचा."

निशाणं कुठेच नव्हती. तेच दोघे शिपाई मात्र नाकातोंडाला फडकी बांधून, घामाघूम होऊन शेजारी शेजारी खड्डा खणत होते.

मला राहवलं नाही. "काय हो, हद्द कोणाची ठरली?"

खाकीवाल्याने फावडं टेकलं. "हद्दीचं वरचे बघतील, बाई. घरं आमची दोघांचीही काठावरच आहेत."

राज्यासाठी माणसं निशाण घेऊन धावतात. फावडं घेऊन येतो तो मात्र शेजारी, एवढं मी त्या वासातही समजून घेतलं. संस्थानच्या शिपायाने मान वर केली नाही. तो फक्त म्हणाला, "गप्पा पुरे, भरती यायच्या आत शेपटी तरी पुरूया."