शेवयांच्या काठीला बिजागरी

मंडळी, इथले अनुभव मी नेमाने वाचतो, पण खरं सांगायचं तर विश्वास कधीच ठेवला नाही. प्रत्येक किश्शात मी आधी वायरिंग शोधतो, मग वारा. हे लिहितानाही दोन्ही शोधून झालं आहे...

आम्ही मूळचे अमरावतीकडचे, आता रायपुरात समता कॉलोनीत. आजोबा, म्हणजे बाबांचे वडील, रेल्वेत होते. दुसऱ्या महायुद्धानंतर मालधक्क्यावरच्या भंगारातून त्यांनी एक लांब पोलादी नळी घरी आणली. आई दर उन्हाळ्यात तिच्यावर शेवया वाळवायची. बाबा म्हणायचे, "हे विमानाचं पातं आहे. त्या विमानाले पंख नव्हते, वर पंखा होता." नातेवाईक हसायचे. बाबांचं उत्तर एकच — "मंग शेवयाच्या काठीले बिजागरी काहून असंल?" एका टोकाला बिजागरी होती खरी.

तशी विमानं होती — ऑटोजायरो. वरचा पंखा इंजिनाने नाही, खालून वर जाणाऱ्या हवेने फिरायचा. पात्याच्या आतला कणा पोलादी नळीचा, मुळाशी बिजागरीवर. युद्धात ब्रिटिश फौजेला मिळालेल्या अशा एकेका विमानाचं पुढे काय झालं, हे मी आणि मामेभाऊ सुधीर मिळून शोधत होतो. काही जहाजासकट बुडाली, काही पडली, काही मोडीत गेली. एखाद्याचं मात्र कुठेच काही सापडत नाही. बाबा आता अंथरुणाला खिळलेले. ते असेपर्यंत कुणीतरी म्हणावं, की तुम्ही खरं बोलत होता — मला एवढंच हवं होतं.

"भैया, एक्सपर्टले दाखवून आणतो," म्हणत सुधीर नळी घेऊन गेला. पुढे कळलं, नवा रायपुरला त्याच्या ऑफिसातल्या प्रदर्शनात ती मांडली आहे. तज्ज्ञाने पातं असल्याचं मान्य केलं होतं. खालच्या पाटीवर लिहिलं होतं — सुधीरच्या आजोबांचा संग्रह. म्हणजे माझ्या आईच्या वडिलांचा, ज्यांचा त्या नळीशी काही संबंधच नव्हता.

मी त्याला घरी बोलावलं. भर दुपार, बाहेर लूच्या गरम झळा, म्हणून खिडक्या बंद. बोर्डाचं काम काढलं होतं, त्यामुळे मेन स्विच मीच खाली पाडून बंद केलेला. इन्व्हर्टर आमच्याकडे नाही. बाबांच्या खोलीत पंख्याखाली चादरीवर आईने शेवया पसरल्या होत्या. काठी नव्हती ना.

"सुध्या, कोनाच्या बापानं आनली ते सांग," बाबा म्हणाले.

"फुफाजी," सुधीर म्हणाला (बाबा त्याच्या आत्याचे यजमान), "कौन लाया, क्या फर्क पड़ता है? इथं तर शेवयाखालीच सडली असती."

"पोट्ट्या, मी जन्मभर गप्पी म्हणवून घेतलं..."

सुधीरचं लक्ष मात्र बाबांकडे नव्हतं. वर बघत होता. म्हणून मीही पाहिलं.

पंखा फिरत होता. गुणगुण नाही, नुसता सपसप आवाज. चादरीची कड उचलली, मग शेवया. पंखा हवा खाली टाकतो. ही हवा वर जात होती... शेवया सरळ वर, पात्यांमधून छताकडे. सुधीरच्या गळ्यातलं ओळखपत्र त्याच्या तोंडासमोर उभं राहिलं.

"बंद करो भैया! बंद करो!"

मी त्याला बोर्ड दाखवला. मेन स्विच खालीच होता, बंद.

बाबा तेवढे शांत. "अस्संच सांगत होते माये बाबा," म्हणाले. मग पंखा मंदावला आणि सगळ्या शेवया आमच्या अंगावर पडल्या.

दुसऱ्या दिवशी घराच्या ग्रुपवर मी झालं ते लिहिलं. सुधीरचं उत्तर आलं — "कुछ नहीं हुआ था. फुफाजी को तो पुरानी आदत है, अब भैया को भी लग गई." त्याखाली हसणारे चेहरे, आमच्याच माणसांचे.

इलेक्ट्रिशियनने पंखा उतरवून पाहिला. दोष नाही. बंद खोलीत खालून हवा कुठून आली, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. नळी तिकडेच आहे, पाटीही तीच.

बाबा रोज विचारतात, "सुध्यानं पाह्यलं होतं ना?"

"हव बाबा," मी म्हणतो. "त्यानंच आधी पाहिलं."