वडिलांचं हरवलेलं जाळं

नोकरी लागली तेव्हा मी कर्वेनगरला दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहत होते. पुण्यात तेव्हा सॉफ्टवेअर कंपन्यांचं पेव फुटलं होतं. पहिल्या पगारातून काय घ्यायचं, हे माझं आधीच ठरलं होतं. वडील कोकणात आमच्या गावी मासेमारी करायचे आणि त्यांचं जाळं जागोजागी शिवलेलं होतं. मंडईजवळच्या एका दोरखंडाच्या दुकानात मी चौकशी केली.

"मासे धरायचं जाळं मिळेल?"

"समुद्र कुठवर आलाय? स्वारगेटपर्यंत?" दुकानदार म्हणाले. पण आठवड्याभरात त्यांनी नायलॉनचं जाळं मागवून दिलं. वर, "कुजायचं नाव घेणार नाही," असंही सांगितलं.

वडील हरखून गेले. दुसऱ्याच हंगामात मात्र एका ट्रॉलरने, म्हणजे मासेमारीच्या मोठ्या यांत्रिक बोटीने, ते जाळं तोडलं आणि फरफटत खोल पाण्यात नेलं. वडिलांनी ऑफिसात फोन केला.

"जाऊ दे, बाबा. दुसरं घेऊ."

"दुसरं मिळेल गो. पण ते तिकडे मासे मारत राहणार. अडकलेले मासे खायला दुसरे येतात, तेही अडकतात. काढणार कोण?"

माझी मीटिंग सुरू होणार होती. मी "हो, हो" म्हणत फोन ठेवला.

दिवाळीला घरी गेले तेव्हा कळलं, वडील रोज होडीमागे लोखंडी आकडा सोडून जाळं शोधत होते. एक दिवस मीही गेले. काही सापडलं नाही.

भाऊबीजेच्या दुपारी शेजारच्या काकांच्या होडीच्या पंख्यात काहीतरी गुरफटलं. इंजिन बंद पडलं, होडी खडकावर आपटली. काका पोहत परतले, पण होडीचा तळ फुटला. सगळ्यांनी मिळून ती किनाऱ्यावर ओढली. पंख्याभोवती जाळ्याचा मोठा गुंता होता आणि त्यात एक मेलेलं कासव. वासाने उभं राहवेना. जाळं कोणाचं, हे कोणालाच सांगता आलं नसतं. वडिलांनी वाकून स्वतःच्या हाताने मारलेली एक गाठ चाचपली.

"माझं आहे," ते म्हणाले.

काका फुटलेला तळ बघायला वाकले. काकू मात्र भडकल्या. "लेकीने पुण्याहून जाळं आणलं आणि आमची होडी गेली!"

"ट्रॉलरने तोडलं ते. बाबांची काय चूक?" मी म्हणाले.

"तू गप्प बस," वडील म्हणाले.

तो सगळा हंगाम काका वडिलांच्या होडीवर गेले. जे मिळे त्यातलं अर्धं त्यांना. तरी काकू वर्षभर आईशी बोलल्या नाहीत.

पंख्यातला गुंता मोठा दिसला तरी तो जाळ्याचा एक तुकडाच होता; बाकीचं अजून समुद्रातच होतं. पुण्याला परतल्यावर मी दर रविवारी फोनवर विचारायचे, "बाकीचं सापडलं?" वडील "नाही" म्हणायचे आणि फोन आईकडे द्यायचे. पुढे मला ते "नाही" ऐकवेना, आणि मी विचारायचंच सोडून दिलं.