भिंतीवरून चालणाऱ्या मुक्या बाया

जिला नसलेली माणसं दिसतात, तिच्या पाया पडायचं की तिला वेडी म्हणायचं? तिसरं काही तुम्हाला सुचतं का? आमच्या कुंभवलीत कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

मी पत्रकांवर वाढले. कारखान्याच्या दारावर वाटलेली पत्रकं बाबा घरी आणत. त्यांवरच अक्षरं गिरवली, पुढे स्वतः लिहू लागले. देवीला मानते, देवीच्या नावाने मांडलेलं दुकान मानत नाही. डोळ्यांच्या पडद्याला आजार झाला आणि समोरचं मधोमध पुसलं गेलं. सोबतची मुलं मोर्चाला जात राहिली, मी ओटीवर बसून राहिले. एका दुपारी समोरच्या कंपाउंडच्या भिंतीवरून बाया चालत आल्या. वीतभर उंचीच्या, डोक्यावर टोपल्या. ज्या डोळ्यांना आईचा चेहरा दिसत नव्हता, त्यांना त्या बायांच्या लुगड्यांचे काठ दिसत होते. आवाज मात्र कसलाच नाही.

आईला सांगितलं. देवी आली म्हणत तिने हात जोडले. आमच्याकडे भगत तांदळाचे दाणे पाहून हरवलेलं सांगतो. थोड्याच दिवसांत शेजारची काकी मूठभर तांदूळ घेऊन माझ्यापुढे बसली. तिचा मुलगा लांब कामाला गेला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता.

"दाणे बघ नि सांग, येल का तो?"

कित्येक महिन्यांत कुणी माझ्या इतकं जवळ सरकून बसलं नव्हतं. येईल म्हटलं असतं, तर अख्खी आळी ओटीवर आली असती. मी म्हटलं, काकी, मला दाणेच दिसत नाहीत. तिने तांदूळ गोळा केले. देवी चुकून हिच्याकडे आली, असं आईला ऐकवून निघून गेली. मग लोकांच्या लेखी देवी गेली आणि वेड उरलं. लोक ओटी टाळून जाऊ लागले. आईने वेड उतरवायला भगताला बोलावणं धाडलं. बाया रोज येत राहिल्या, आणि मी देवीकडे एवढंच मागत राहिले: मला खोटं बोलायला लावू नकोस, आणि वेडीही करू नकोस.

भगत यायच्या आदल्या दिवशी पालघरला डोळ्यांची तपासणी होती. डॉक्टरांना बायांचं सांगायचं नाही, हे ठरवूनच आईबरोबर गेले. त्यांनीही वेडी म्हटलं असतं, तर मला जागाच उरली नसती. आई नंबर लावायला गेली. बाकावर शेजारी एक म्हातारी होती, अंगाला सुक्या मासळीचा वास. पुढच्या मोकळ्या लादीकडे तोंड करून ती म्हणाली, "बाजूला बसा गो, डॉक्टर तुडवंल."

आजी, कुणाशी बोलता, मी विचारलं.

"हायेत मानसं, बोटभर. डोळं गेलं तवापासून येतात. बोलत नाय, खायला मागत नाय. सुनेपरीस बरी."

मग म्हटलं, मलाही दिसतात.

ती दचकली नाही. चाचपत माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मंग जरा सरक. दोघींचीबी मावतील."

मी रडले. आत गेल्यावर सगळं सांगितलं. डॉक्टर आईला म्हणाले, नजर कमी झाली की मेंदू रिकाम्या जागेत आपणच चित्रं भरतो. हे वेड नाही; अनेकांना होतं, भीतीपोटी कुणी बोलत नाही. आईने घरी येऊन भगताला नको म्हणून कळवलं.

काकी अजून बोलत नाही. बाया अजून येतात, ओटी अजून रिकामी असते. पण नेमक्या त्या दिवशी नेमकी तीच म्हातारी माझ्याशेजारी कशी बसली, हे मी शोधत नाही, हात जोडते. खरं आहे ते देवीपुढे ठेवावं, पुढचं तिच्यावर सोडावं, एवढं मला कळलं.

हे मी फोनला सांगून लिहवून घेतलं आहे. तुम्हाला वाचता येतंय, तर एक करा. तुमच्या ओळखीत ज्याची नजर मंदावली आहे, त्याच्याजवळ आज जाऊन बसा आणि त्याला काय काय दिसतं ते विचारा. हसू नका, हात जोडू नका. सगळं ऐकून घ्या, आणि त्याच्यासोबत डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.