हिराबाईंचं ताट

सातपाटीच्या एका कोळी आळीत हळदीच्या जेवणाचं पहिलं ताट हिराबाईंचं. साठी उलटलेल्या, उभा जन्म मासळीच्या टोपल्या वाहिलेल्या हिराबाई मांडवात एकट्या जेवायला बसत, ताट चाटूनपुसून साफ करत, आणि मगच पंगत बसायची. त्यांनी ढेकर दिला की कालवण पास! "माज्या पोटाला खोटं बोलता येत नाय," असं त्या तोऱ्यात सांगत, आणि तो तोरा त्यांना शोभायचाही.

गेले दोन महिने मात्र चार घासांतच पोट गच्च व्हायचं. घरी उरलेला भात त्या गुपचूप मांजरीला घालत आणि सुनेला, हेमालीला, "जेवले गो" म्हणून वाटेला लावत. पोटाचं नाव गेलं तर आपलं उरलं काय, हीच धास्ती.

पुतण्याच्या हळदीला कालवण काशीबाईचं होतं. चाळीस वर्षं आळीतल्या लग्नांची चूल सांभाळलेली बाई. पाचव्या घासाला हिराबाईंचा हात थांबला. भरलं ताट तसंच राहिलं. मांडवात कुजबुज सुरू झाली, "मासा शिला असंल." काशीबाईनं पदर डोळ्यांना लावला.

आता मूग गिळून बसलं तर स्वतःचा मान राहत होता आणि काशीबाईचा जात होता. हिराबाईंना ते बघवेना. त्या ताडकन उठल्या.

"कालवन झ्याक झालंय! खोट माज्या पोटात हाय. दोन महिने चार घासांत भरतंय, मी लपवत व्हते. बसा सगली जेवाला!"

पंगत बसली. दुसऱ्याच दिवशी हेमालीनं त्यांना पालघरला डॉक्टरकडे नेलं. दुर्बिणीच्या तपासणीत जठरात जखम निघाली, औषधानं बरी होणारी. तोवर थोडं थोडं, पण दिवसातून सहा वेळा खायचं होतं.

पुढच्या महिन्यात शेजारी हळद निघाली. पहिलं ताट आता दुसऱ्या कुणाचं, असं हिराबाईंनी मनाशी धरलं होतं. पण सकाळी आठलाच काशीबाई झाकलेलं ताट घेऊन दारात उभी.

"तुजं जेवान होत नाय तवर पंगत बसनार नाय. सावकास खा."

हिराबाई चार घास खात, ताट झाकत, पुन्हा उघडत. दुपारचे तीन वाजले. तोवर आख्खी आळी मांडवात उपाशी बसून होती. मग हिराबाईंनी ढेकर दिला.